परतीचे तिकीट

'आया' हा शब्द आपण इतका आपलासा केला आहे की, तो पोर्तुगीजांकडून आला हे सहसा कोणाच्या ध्यानीही येत नाही. मात्र हे नाव ज्या बायांना मिळाले, त्यांतील कित्येकींना समुद्र ओलांडून कोठे जावे लागले, हा इतिहास आपण फारसा वाचलेला नाही.

साहेब रजेवर विलायतेस निघाला म्हणजे बोटीवर मुले सांभाळण्यास मडमेबरोबर आया जात असे. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला, प्रवास जवळचा झाला आणि ही ये-जा वाढली. मुंबई-कलकत्त्याहून निघालेल्या या बाईचे काम बोट बंदरास लागताच बहुधा संपे. मग तिला परत कोणी पाठवावयाचे? कंपनीच्या राजवटीत हिंदी नोकर नेणाऱ्याकडून त्याच्या परतीसाठी अनामत घेण्याचा प्रघात होता. पुढे तो मागे पडला आणि सारे मालकाच्या सचोटीवर येऊन ठेपले. १९०८ साली मुंबईहून नेलेल्या एका आयेला लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावर हातात एक पौंड देऊन सोडून दिले होते. लेखी करार नाही, ओळख नाही, भाषा नाही. अशा बाईने दाद कोठे मागावी?

अशांसाठी लंडनच्या ऑल्डगेट भागात एक वसतिगृह होते. १९०० साली ते एका ख्रिस्ती मिशनच्या हाती आले आणि हॅकनी येथे गेले. तेथील व्यवहार पाहण्यासारखा होता. मालकाने परतीचे तिकीट संस्थेच्या स्वाधीन करावयाचे, संस्थेने हिंदुस्थानास निघालेले दुसरे कुटुंब शोधावयाचे आणि त्या कुटुंबाची चाकरी करीत आयेने घरी परतावयाचे. आसऱ्याबरोबर धर्मोपदेशही होताच. संस्थेने अनेकींना छप्पर दिले, हे उपकार आपण नाकारू नयेत. परंतु उपकार करणारा आज आहे, उद्या नसेल; हक्काचे तसे नसते. त्या घरावर २०२२ साली स्मृतिफलक लागला.

हा हक्क कागदावर येण्यास २०११ साल उजाडावे लागले. त्या वर्षी जिनीव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने घरकामगारांविषयीचा १८९ क्रमांकाचा करार संमत केला. परदेशी जाणाऱ्या बाईला निघण्यापूर्वी कामाच्या अटी लेखी मिळाव्यात, तिचे पारपत्र तिच्याचजवळ असावे, आणि परत पाठवण्याच्या अटीही ठरलेल्या असाव्यात, असे त्यात म्हटले आहे. किंग्ज क्रॉसवरील त्या आयेला नेमके हेच हवे होते! ब्रिटन त्या मतदानात तटस्थ राहिले. भारताने अनुकूल मत दिले, पण कराराला मान्यता अद्याप दिलेली नाही.

विलायतेला बोल लावून आपण मोकळे होऊ शकत नाही. १९७२ च्या दुष्काळाने गाव सोडलेल्या किती बायांनी आपल्या शहरांत धुणीभांडी करून संसार उभे केले! १९८० साली पुण्याच्या मोलकरणींनी संप केला, तेव्हा त्यांचे मागणे पगारवाढीचे आणि सुट्टीचे, म्हणजे अगदी साधे होते. २००८ साली महाराष्ट्राने त्यांच्यासाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, ही जमेची बाजू. पण आपल्या स्वयंपाकघरात पगार, सुट्टी आणि आजारपणाची रजा किती घरांनी लिहून दिली आहे? व्याख्यान संपवून घरी गेल्यावर आपण प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःला विचारावा.