निद्रानाश

निद्रानाश ही झोपेची एक विकृती आहे. पुरेसा वेळ व योग्य जागा असूनही झोप न लागणे, ती वारंवार मोडणे किंवा पहाटे फार लवकर जाग येणे आणि परिणामी दिवसा थकवा, चिडचिड व विस्मरण जाणवणे, ही तिची लक्षणे होत. असा त्रास आठवड्यातून किमान ३ रात्री व ३ महिने टिकल्यास त्यास दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. परीक्षेच्या आदल्या रात्री डोळा न लागणे हा आजार नव्हे.

प्राचीन उल्लेख

महाभारताच्या उद्योगपर्वात प्रजागर नावाचे उपपर्व आहे. संजय पांडवांकडून परतल्यावर धृतराष्ट्राची झोप उडते व तो रात्रीच विदुराला बोलावून घेतो. विदुरनीती या नावाने प्रसिद्ध असलेला उपदेश याच जागरणातला. बलवानाशी वैर पत्करलेला दुर्बळ, धन गमावलेला, कामातुर आणि चोर यांना झोप लागत नाही, असे विदुर आरंभीच सांगतो. चिंता हे निद्रानाशाचे कारण आजही पहिल्या क्रमांकाचे मानावे लागते. चरकसंहितेने आहार, निद्रा व ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ म्हटले आहे.

झोप कशी लागते

अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार झोप दोन प्रक्रियांवर अवलंबून असते. जागेपणी मेंदूत झोपेची गरज साचत जाते. ॲडिनोसिन हे द्रव्य त्यास कारणीभूत ठरते. दुसरीकडे शरीरातील जैविक घड्याळ उजेड-अंधाराच्या आधारे झोपेची वेळ ठरविते. चहा-कॉफीतील कॅफिन ॲडिनोसिनचे कार्य रोखते आणि त्याचा निम्मा अंश सुमारे ५ तासांनंतरही रक्तात शिल्लक असतो. संध्याकाळच्या चहाचा रात्रीच्या झोपेशी संबंध आहे तो असा. दुपारची लांबलेली वामकुक्षी साचलेली गरज आधीच खर्च करून टाकते.

उपचार

अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्ये प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशावर गोळ्यांऐवजी प्रथम बोधात्मक वर्तनोपचार करण्याची शिफारस केली. या उपचाराची दोन प्रमुख अंगे सामान्य समजुतीच्या नेमकी उलट आहेत. झोप न आलेला मनुष्य लवकर अंथरुणावर पडतो, उशिरा उठतो आणि पडून राहिल्याने तेवढीच विश्रांती मिळेल असे मानतो. प्रत्यक्षात अंथरूण हीच तळमळण्याची जागा होऊन बसते. म्हणून रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये असा नियम घातला, की झोप येत असेल तेव्हाच आडवे व्हावे, ती न आल्यास उठून दुसऱ्या खोलीत जावे आणि पेंग आल्यावरच परतावे. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठण्याची वेळ बदलू नये. घड्याळाकडे पाहत राहणेही टाळावे.

दुसरे अंग आर्थर स्पीलमन यांचे निद्रामर्यादन. समजा, एखादी व्यक्ती रात्री १० ते सकाळी ६ अशी ८ तास अंथरुणात असते, पण झोपते साडेपाच तास; म्हणजे तिची निद्राक्षमता सुमारे ६९ टक्के. तिने काही दिवस साडेबारालाच झोपावयास जावे व ६ वाजता उठावे. क्षमता साधारण ८५ टक्क्यांपलीकडे गेली, की वेळ १५-१५ मिनिटांनी वाढवितात. ५ तासांहून कमी वेळ सहसा देत नाहीत. आरंभीचे दिवस कष्टाचे असतात आणि पुष्कळ जण तेथेच हा उपचार सोडतात. अपस्मार किंवा द्विध्रुवी विकार असलेल्यांनी व वाहनचालकांनी तो वैद्यकीय देखरेखीविना करू नये.

जायफळ घातलेले दूध, तळपायांना तेल लावून काशाची वाटी घासणे हे महाराष्ट्रातील घरगुती उपाय होत. जायफळ चिमूटभरच घ्यावे, अधिक मात्रेत ते विषारी ठरते. मद्याने झोप लवकर लागते, परंतु उत्तररात्री ती मोडते.

झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, तर वृद्धांमध्ये त्यांमुळे तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. बराच काळ घेतलेली गोळी एकाएकी बंद केल्यास झोप पूर्वीपेक्षा बिघडू शकते. म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात. मोठ्याने घोरणे व झोपेत श्वास अडखळणे ही वेगळ्या विकाराची लक्षणे असून त्यांची स्वतंत्र तपासणी आवश्यक असते.