ओळ आणि तिचा पत्ता

नवे ई-पुस्तक हाती आले की वाचायला बसण्याआधी मी त्याचा सांगाडा काढून ठेवतो. ईपब नावाची जी फाईल आपण पुस्तक म्हणून विकत घेतो, ती खरे तर एक बांधलेले गाठोडे असते. गाठोडे सोडले की आत प्रकरणागणिक एकेक वेबपान सापडते, आणि त्यात कोणती ओळ मुख्य मथळा, कोणती उपमथळा, याच्या खुणा केलेल्या असतात. पँडॉकसारखी आज्ञावली हे सगळे उलगडून साध्या मजकुराच्या एका फाईलीत ओतते. मुखपृष्ठ, रंग, अक्षरांची वळणे गळून पडतात. मग मथळ्यांच्या ओळी तेवढ्या ठेवायच्या आणि बाकीचे काढून टाकायचे. तीनशे पानांचे पुस्तक दोन पानांत येते. प्रत्येक मथळ्याखाली जागा मोकळी असते. वाचत जाईन तसतशी माझी टिपणे तिथे बसतात.

ऐकणाऱ्याला ही संगणकाच्या काळातली खोड वाटते. पण मोठ्या ग्रंथातून ओळी वेगळ्या काढायच्या आणि त्या क्रमाने लावायच्या, ही सवय मराठीतल्या आद्य गद्यग्रंथाइतकी जुनी आहे.

चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी शिष्यांकडून विचारून विचारून गोळा केल्या आणि १२७८च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध झाले. त्यात स्वामींचे बोलणे प्रसंगात गुंतलेले आहे. कुणी काही विचारले, वाटेत काही दिसले, कुणाची चूक झाली, आणि त्यावर ते बोलले. केसोबासांनी पुढे या प्रसंगांतून स्वामींची वचने तेवढी बाजूला काढली आणि विषयवार मांडली. तोच सूत्रपाठ. आचार, विचार अशी त्याची प्रकरणे आहेत. ज्याला तत्त्वज्ञान पाठ करायचे त्याच्यासाठी गावे, माणसे, जेवणखाण, भांडणे हे सगळे वगळले गेले. आजच्या भाषेत बोलायचे तर हा लीळाचरित्राचा आराखडा.

मला जास्त महत्त्वाचे वाटते ते यानंतर घडले ते. सूत्रे सुटी झाली आणि प्रश्न उभा राहिला: हे वाक्य स्वामी कुणाला, कुठे, कशावरून म्हणाले? एखादे कडक वचन एका माणसाला त्याच्या एका वागण्यावरून ऐकवलेले असेल, तर ते सगळ्यांना सगळ्या काळी लागू करायचे का? या गरजेतून महानुभावांत ‘प्रकरणवश’ नावाचे लेखन झाले. प्रत्येक सूत्राला त्याचा प्रसंग परत जोडून द्यायचा, एवढेच त्याचे काम. म्हणजे आधी ओळ ग्रंथातून सोडवली, आणि मग तिला तिचा पत्ता लिहून दिला. टिपणांच्या इतिहासाकडे मी या दोन कृतींच्या जोडीतून पाहतो. पहिली कृती दर पिढीत सोपी होत गेली आहे. दुसरी तितकी सोपी झालेली नाही.

युरोपात छापील पुस्तकांचा पूर आला तेव्हा तिथल्या वाचकांपुढे हाच प्रश्न होता. झुरिकच्या कोनराड गेस्नरने १५४८मध्ये टिपणे सुट्या चिठ्ठ्यांवर करून हव्या त्या क्रमाने लावण्याची रीत सांगितली. छापील पुस्तकच कात्रीने कापायलाही त्याची हरकत नव्हती. कागदाला मात्र दोन बाजू असतात. एका बाजूची ओळ कापून घेतली की दुसऱ्या बाजूची मोडते.

जॉन लॉकने दुसरी वाट काढली. त्याची पद्धत १६८६मध्ये आधी फ्रेंचमध्ये छापली गेली आणि इंग्रजीत आली ती त्याच्या मृत्यूनंतर, १७०६मध्ये. कोऱ्या वहीच्या पहिल्या दोन पानांवर शंभर घरांची सूची आखायची. विषयाच्या शब्दाचे पहिले अक्षर आणि त्यानंतर येणारा पहिला स्वर, यांवरून घर ठरायचे. वही कितीही वेडीवाकडी भरली तरी सूचीतून पान सापडायचे. या सूचीचे कौतुक पुष्कळ झाले आहे. मला मोलाची वाटते ती त्याची दुसरी सवय. टिपण करण्याआधी तो लेखक, ग्रंथ, आकार, आवृत्तीचे स्थळ आणि साल लिहून ठेवी, आणि ग्रंथाची एकूण पाने किती हेही न चुकता नोंदवी. कोणती प्रत वाचली ते त्यावरून नेमके ठरे, आणि मग टिपणापुढे नुसता पानाचा आकडा पुरे.

याच रीतीचे आपल्याकडचे सर्वांत भव्य रूप पुण्यात आहे. डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने संस्कृतच्या महाकोशाचे काम सुरू झाले. वेदांपासून अर्वाचीन शास्त्रग्रंथांपर्यंत सुमारे दीड हजार ग्रंथ अभ्यासकांनी वाचले आणि शब्द चिठ्ठ्यांवर उतरवले. चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. पहिला भाग छापून यायला १९७६ साल उजाडले, आणि पुढे अनेक खंड निघाल्यावरही कोश बराच काळ ‘अ’ या पहिल्याच अक्षरात होता. या संथपणाची थट्टा करणे सोपे आहे. पण चिठ्ठीवर नुसता शब्द नसतो. तो कोणत्या ग्रंथात, कोणत्या ठिकाणी आला, हेही असते. पत्ता नसता तर या कोटीभर चिठ्ठ्या रद्दीच ठरल्या असत्या.

मग चिठ्ठीची जागा पडद्याने घेतली. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगेलबार्टने सभागृहासमोर एक साधी यादी उघडली, तिचे पोटविभाग पाडले, ते मिटवून पुन्हा उलगडून दाखवले. उघडमीट करणारा आराखडा लोकांनी असा प्रथमच पाहिला. तीन वर्षांनी, १९७१ मध्ये, इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्टने अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकात टाइप केला आणि प्रोजेक्ट गुटेनबर्ग सुरू झाला. पुढची कित्येक वर्षे त्याचा आग्रह साध्या मजकुराचा होता, कारण तो कोणत्याही यंत्रावर उघडतो. २००३मध्ये कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने ऑर्ग-मोड रचला. त्यात ओळीआधी एक तारका टाकली की मथळा, दोन टाकल्या की उपमथळा. २००४मध्ये जॉन ग्रुबरचे मार्कडाउन आले. २००६मध्ये जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने पँडॉक लिहायला घेतले. खगोलशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ, दोघेही स्वतः टिपणे करणारे. म्हणूनही असेल, ही साधने दिसायला रुक्ष आणि कामाला चोख आहेत.

मात्र ‘साधा मजकूर’ हे दोन शब्द मराठीत उच्चारले की वेगळाच इतिहास उघडतो. १९६३च्या आस्की संकेतात १२८ जागा होत्या आणि त्यांत देवनागरीला एकही नव्हती. इस्की हे भारतीय मानक १९९१मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली. पण छापखान्यांनी दरम्यान आपली सोय करून घेतली होती. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले फॉन्ट वापरात आले आणि पुढे दोन-तीन दशके मराठी पुस्तके त्यांतच जुळवली गेली. अशा पुस्तकाचे पीडीएफ पडद्यावर सुरेख दिसते. त्यातला परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवला की रोमन अक्षरांचा पाचोळा हाती येतो. डोळ्याला मराठी, यंत्राला निरर्थक.

इथे मला पुन्हा महानुभाव आठवतात. त्यांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहिले. एका अक्षराच्या जागी दुसरे ठेवायचे, अशी ती सांकेतिक लिपी. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांनी तिची किल्ली उलगडली आणि शतके बंद असलेले वाङ्मय सर्वांसाठी खुले झाले. महानुभावांनी ग्रंथ झाकले ते जाणून, जपण्यासाठी. आपण आपली पुस्तके घाईत, नकळत झाकली. प्रत्येक जुन्या फॉन्टची किल्ली वेगळी, आणि परिवर्तकातून काढलेला मजकूर जोडाक्षरांपाशी अडखळतो.

युनिकोडमध्येही सगळे सरळ नाही. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र दोन वेगवेगळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. दिसतो एकच, पण शोध घेताना एक रूप दुसऱ्याला ओळखत नाही. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र जागा मिळाली २००८मध्ये; त्याआधीच्या फाईलींत ते ‘अ’वर चंद्र ठेवून भागवलेले आहे. शिवाय मराठी ई-पुस्तकांत मथळ्याला मथळ्याची खूण न करता नुसती ठळक अक्षरे वापरण्याची रीत सर्रास आढळते. मग सांगाडा यंत्राकडून निघत नाही. प्रकरणे हाताने लावावी लागतात, म्हणजे आपणच केसोबास व्हायचे.

आणि पत्ता? ई-पुस्तकात पान स्थिर नसते. अक्षर मोठे केले की पाने वाढतात. लॉकचा आकडा इथे निकामी ठरतो. जुलै २००९मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या काही प्रती वाचकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या, कारण विक्रेत्याकडे हक्क नव्हते. त्यांतले एक ‘१९८४’ होते. मिशिगनमधल्या एका शाळकरी मुलाने त्यावर अभ्यासाची टिपणे केली होती. टिपणे राहिली, पण ती ज्या ओळींकडे बोट दाखवत होती त्या ओळीच गेल्या. प्रकरण न्यायालयात गेले.

म्हणून माझ्या फाईलीत प्रत्येक टिपणापुढे मी प्रकरण, परिच्छेदाचा क्रमांक आणि त्या परिच्छेदाचे पहिले तीन-चार शब्द लिहितो. आवृत्ती आणि साल फाईलीच्या माथ्यावर असतात. मराठी, हिंदी, कन्नड, इंग्रजी, सगळ्या पुस्तकांचे सांगाडे एकाच ठिकाणी, एकाच रीतीने राहतात. एका भाषेतले टिपण दुसरीतल्या पुस्तकाशी बोलू लागते ते अशा वेळी, आणि तेव्हा पत्त्याची गरज दुप्पट होते. अनुवाद वाचला की मूळ, हेही सांगावे लागते.

आता यंत्रे सांगाड्यावर थांबत नाहीत. पुस्तक दिले की सारांशही लिहून देतात. तो वाचायला माझी ना नाही. पण ज्या ओळीपासून मूळ पानापर्यंत परत जाता येत नाही, तिच्याशी वाद घालता येत नाही. ती मान्य करायची किंवा सोडून द्यायची, एवढेच हाती उरते. सूत्रपाठ मुखोद्गत असलेल्या माणसांना ते पटले नव्हते. वचन कितीही पवित्र असो, ते कुणाला आणि कशावरून म्हटले हे विचारण्याचा हक्क त्यांनी सोडला नाही, आणि त्यासाठी वेगळे लेखन उभे केले. साध्या मजकुराच्या माझ्या फाईलीकडून मी तेवढ्याच हक्काची अपेक्षा करतो.