पेज, पालेभाजी आणि बी-१२

मालवण किनाऱ्यावर शाकाहारी तरुण असणं म्हणजे सतत सल्ले ऐकणं. कॉलेजात जाऊन स्वतःहून मासे सोडलेली मुलगी दुपारी मरगळून बसली, की घरचे म्हणतात, "मासळी खा, ताकद येईल." तीच मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली, की मित्र म्हणतात, "मोबाइल कमी बघ, पॉझिटिव्ह राहा." घरच्यांना दोष ताटात दिसतो, मित्रांना स्वभावात. इतिहास बघितला तर या थकव्याची काही कारणं इतकी नेमकी निघाली आहेत, की ती मायक्रोग्रॅममध्ये मोजता येतात.

सुरुवात तांदळापासून करू. सिंधुदुर्गात पेज होते ती उकड्या तांदळाची. भात सालासकट भिजवून उकडायचं, वाळवायचं, मग कांडायचं. १८८६ साली डच सरकारने बेरीबेरी या रोगाचा तपास करायला जावा बेटावर डॉक्टर पाठवले. त्यांत ख्रिस्तियान आइकमान होता. पायांतली ताकद जायची, माणूस खंगायचा, कधी हृदयच बंद पडायचं. सगळे जंतू शोधत होते. पण आइकमानच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्याच लंगडू लागल्या, आणि कारण निघालं त्यांना घातलेला पांढरा पॉलिशचा तांदूळ. कोंड्याबरोबर जे फेकलं जात होतं ते म्हणजे बी-१, थायमिन.

भात सालासकट उकडताना हे थायमिन दाण्याच्या आत शिरतं, म्हणून नंतर कांडलं तरी बरंचसं टिकतं. आपल्या पणज्यांनी जीवनसत्त्वाचं नावही ऐकलं नव्हतं. उकडलेला दाणा कांडताना कमी तुटतो, एवढं त्यांना ठाऊक होतं.

याचा मनाशी संबंध पुढे दिसला. १९४०च्या सुमारास अमेरिकेत मिनेसोटात रे विल्यम्स आणि रसेल वाइल्डर यांनी मनोरुग्णालयातल्या काही स्त्रियांना बी-१ कमी असलेला आहार दिला. आजच्या नैतिक नियमांत हा प्रयोग बसणार नाही. त्या स्त्रिया चिडचिड्या झाल्या, उदास झाल्या, कामातून त्यांचं मन उडालं. बी-१ परत दिल्यावर फरक पडला.

दुसरी गोष्ट मुंबईची. १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली. गिरणी कामगार वस्तीतल्या गरोदर बायकांना एक विचित्र रक्तक्षय होत होता आणि त्यात जीव जात होते. तेव्हा आजच्या सिंधुदुर्गाचा काही भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता, आणि मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरीची माणसं मोठ्या संख्येने होती. विल्सने जंतूंऐवजी ताटं तपासली. गरीब घरांत भाजी आणि फळं नावापुरती होती. यीस्टपासून बनवलेल्या मार्माइटने बायका बऱ्या होऊ लागल्या, आणि १९३१ साली तिने ते प्रसिद्ध केलं. त्यातला घटक १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला. त्याचं नाव फॉलिक आम्ल. पावसाळ्यात टाकळा आणि एरवी तांबडी भाजी खाणाऱ्या घराला ते आपसूक मिळतं.

खरी अडचण तिसऱ्या गोष्टीत आहे. बी-१२ १९४८ साली सापडलं. ते फक्त सूक्ष्मजीव बनवतात. वनस्पतीत ते नसतं. कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, काळ्या वाटाण्याचं सांबारं यांत प्रथिनं, लोह, कॅल्शियम आहे, बी-१२ नाही. देशावरच्या शाकाहारी घरात निदान दूध-दही-ताक असतं. आपल्या स्वयंपाकात ती जागा नारळाच्या रसाची. सोलकढी दिसते दुधासारखी, पण तिच्यात बी-१२ नसतं. किनाऱ्याला ते मासळीतून मिळत होतं. म्हणजे मासे सोडणारी मुलगी ज्या ताटावर उरते, त्या ताटाने दुधाची सवय कधी लावूनच घेतलेली नाही.

त्यात शरीर लगेच तक्रार करत नाही. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो. म्हणून पहिली दोन वर्षं मजेत जातात, आणि नंतरच्या थकव्याचा संबंध कोणी ताटाशी जोडत नाही. आणखी एक गुंता आहे. फॉलिक आम्ल भरपूर असलं की बी-१२ची कमतरता असूनही रक्त बरं दिसू शकतं, आणि नसांची झीज मात्र चालू राहते. मुंग्या येणं, विसरभोळेपणा, उदासी ही तिची चिन्हं. नुसतं हिमोग्लोबिन बघून "सगळं नॉर्मल" म्हणणं म्हणूनच अपुरं आहे.

हे काही दुर्मीळ नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ६७ टक्क्यांत बी-१२ कमी होतं, शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत. शाकाहाऱ्यांत धोका चौपटीहून जास्त होता.

प्रत्येक उदासी बी-१२मुळे येत नाही. नोकरी, एकटेपणा, झोप यांचाही वाटा असतो, आणि मन खचलं असेल तर त्यासाठी डॉक्टर गाठायलाच हवा. पण दिवसाला लागतं ते जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम. पेलाभर दुधातून साधारण एक मिळतं. बाकीचं दही, पनीर, नाहीतर डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळीतून. एक रक्ततपासणी करून घेतली तर कळतं. मासे खायचे की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मरगळलेल्या पोरीला आळशी म्हणण्याआधी तिच्या रक्तात काय कमी आहे ते बघावं, एवढंच.