वेगवेगळ्या कंपन्यांचे अ‍ॅक्रिलिक रंग एकमेकांत मिसळावेत का?

लोहगडाची प्रमाणबद्ध प्रतिकृती करायला घेतली की टेबलावर दोन प्रकारच्या बाटल्या जमतात. कातळ, तटबंदी आणि विंचूकाट्यासाठी स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे कॅमल किंवा फेविक्रिल. आणि प्लास्टिकच्या छोट्या तोफा, माणसे, घोडे यांसाठी तामिया, वालेहो असे परदेशी रंग. सगळ्यांना अ‍ॅक्रिलिकच म्हणतात, त्यामुळे ते सर्रास एकत्र केले जातात. काही जोड्या छान जमतात. काहींच्या मात्र वाटीतच गुठळ्या होतात.

अ‍ॅक्रिलिक हे रंगद्रव्य धरून ठेवणाऱ्या राळेचे नाव आहे. ती राळ कशात मिसळली आहे, हे त्या नावावरून कळत नाही. कॅमल, फेविक्रिल आणि वालेहोच्या मॉडेल कलरमध्ये राळेचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडाले की कण एकमेकांना चिकटून पापुद्रा तयार होतो. तामियाच्या एक्स आणि एक्सएफ मालिकेत अल्कोहोल व इतर द्रावके असतात. हा रंग पाण्यानेही पातळ होतो, आणि फसगत होते ती इथेच. वालेहोत तामिया किंवा त्याचा थिनर घातला, तर अल्कोहोलमुळे कण वेळेआधीच एकमेकांना चिकटतात आणि रंग दह्यासारखा फाटतो. फाटलेला रंग पाणी घालून सुधारत नाही.

म्हणून पाण्यातले रंग पाण्यातल्यांशी मिसळावेत. तामिया आणि मिस्टर हॉबीची अ‍ॅक्वियस मालिका यांचे आपसांत जुळते. मिस्टर कलर हा लॅकर आहे, तो पाण्यातल्या रंगांच्या जवळ आणू नये. शंका असेल तर डबीच्या झाकणात दोन्हींचे दोन-दोन थेंब मिसळून दहा मिनिटे थांबावे, मग काडीने पसरून पाहावे. कण दिसले की बेत रद्द. मिश्रण गुळगुळीत असले तरी ते प्लास्टिकच्या तुकड्यावर वाळवून दुसऱ्या दिवशी नखाने खरवडून बघितलेले बरे.

मिश्रण जमले तरी छटा जमेलच असे नाही. एका कंपनीचा ‘बर्न्ट अंबर’ लालसर, दुसरीचा काळपट असू शकतो. नावापेक्षा रंगद्रव्याचा क्रमांक भरवशाचा. काही कंपन्या तो छापतात. पीआर १०१ म्हणजे लोह ऑक्साइडचा लाल, पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियमचा पांढरा. चकचकीत आणि मॅट रंग एकत्र केले तर चमक मधलीच कुठली तरी येते. ती शेवटी मॅट वॉर्निशने सारखी करता येते.

लोहगडाचा कातळ बेसॉल्टचा, पण त्यासाठी सरळ काळा रंग वापरला की प्रतिकृती खेळण्यासारखी दिसते. १:१००० प्रमाणात एक मीटरवरून पाहणे म्हणजे खरा गड एक किलोमीटरवरून पाहणे. तेवढ्या अंतरावर हवेमुळे कातळ फिकट, निळसर राखाडी दिसतो. काळ्यात पांढरा, थोडा तपकिरी आणि किंचित निळा घालावा. थेंबांचे प्रमाण वहीत लिहून ठेवावे, नाहीतर विसापूरच्या बाजूला पोहोचेपर्यंत छटा बदललेली असते.

हवामानाचाही हिशेब हवा. पावसाळ्यात लोणावळ्याच्या दमट हवेत पाण्यातला रंग वाळायला फार वेळ घेतो, तर अल्कोहोलचा रंग झपाट्याने उडताना हवेतला दमट अंश ओढून पांढुरका पडू शकतो. पूर्वेला तळेगावकडे पाऊस बराच कमी, त्यामुळे तिथे जमलेले वाळवण्याचे वेळापत्रक इथे चालेलच असे नाही. फवारणीचे काम कोरड्या दिवशी करावे.

न जुळणारे रंग एकाच प्रतिकृतीवर हवेच असतील, तर ते मिसळण्याऐवजी थरांत द्यावेत. आधी अल्कोहोलचा रंग, तो पूर्ण वाळल्यावर पाण्याचा. उलट क्रमाने ब्रश फिरवला तर खालचा थर सुटून येऊ शकतो. डोंगर थर्माकोलचा असेल तर लॅकर किंवा स्प्रे कॅनचा रंग थेट मारू नये. त्यातल्या द्रावकाने थर्माकोल विरघळतो. त्यावर आधी फेव्हिकॉल आणि कागदाच्या पट्ट्यांचा जाड थर द्यावा.