कृष्णाकाठचा चक्का आणि इटलीचे तिरामिसू
#इतिहास #खाद्यसंस्कृती

१/९
तिरामिसू म्हणजे युरोपातील एखाद्या राजवाड्यातील शतकानुशतकांचे पक्वान्न, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिती निराळी आहे. भास्कर गणेश चितळे यांनी भिलवडीत दुग्धव्यवसाय उभारला तो १९३९ मध्ये. इटलीतील हे मिष्टान्न त्याहून सुमारे तीन दशकांनी धाकटे मानले जाते.

२/९
त्या काळी भिलवडी सातारा जिल्ह्यात होती. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणजे या दोन जिल्ह्यांचा दूधदुभत्याचा इतिहास मुळात एकच आहे.

३/९
तिरामिसूची सर्वाधिक प्रचलित जन्मकथा ट्रेव्हिसो शहरातील ‘ले बेकेरिए’ या उपाहारगृहाची. मालक आदो काम्पेओल, त्यांच्या पत्नी अल्बा आणि मिठाईचे कारागीर रोबेर्तो लिंग्वानोत्तो यांची नावे तिच्याशी जोडली जातात. १९७२ च्या सुमारास हा पदार्थ तेथील पदार्थांच्या यादीत आला. नावाचा अर्थ ‘मला वर उचल’, म्हणजेच मरगळ घालव.

४/९
शेजारच्या फ्रिउली प्रांताने मात्र पदार्थ आपला असल्याचा दावा केला. २०१७ मध्ये इटलीच्या कृषी मंत्रालयाने पारंपरिक पदार्थांच्या यादीत तो फ्रिउलीच्या नावे नोंदवला आणि वाद चिघळला.

५/९
भट्टीविना मिष्टान्न ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १२ व्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात दह्याच्या ‘शिखरिणी’चा उल्लेख आहे. श्रीखंड तिच्याच कुळातले.

६/९
दोन्ही पदार्थांच्या मुळाशी प्रश्न एकच: नासणाऱ्या दुधातील पाणी काढून सत्त्व कसे राखावे? कृष्णाकाठी दही फडक्यात टांगून चक्का केला जातो. लोंबार्दीत साय तापवून, आंबट घालून, निथळून मास्कारपोने होते. चक्का आंबट असतो, मास्कारपोने गोडसर व अधिक स्निग्ध. त्यामुळे नुसता चक्का वापरल्यास चव श्रीखंडाकडे झुकते.

७/९
मास्कारपोने घरीही जमते. अर्धा लिटर दाट क्रीम उकळी न आणता, सुमारे ८५ अंशांपर्यंत तापवावे. चमचाभर लिंबाचा रस घालून हलक्या हाताने ढवळावे. थंड झाल्यावर मलमलीत बांधून रात्रभर फ्रिजमध्ये निथळू द्यावे.

८/९
मूळ कृतीत फेसलेले बलक व साखर असते. अंडे वर्ज्य असल्यास फेटलेले क्रीम व पिठीसाखर घ्यावी. कडक, बिनदुधाची कॉफी थंड करून त्यात सावोयार्दी बिस्किटे क्षणभरच बुडवावीत. ती न मिळाल्यास साध्या स्पंज केकच्या पट्ट्या चालतात. नानकटाई चालत नाही, कारण तुपामुळे ती कॉफी नीट शोषत नाही. बिस्किटे व मास्कारपोने यांचे दोन थर रचून सहा तास गार करावे. कोको वाढतानाच भुरभुरावा.

९/९
ट्रेव्हिसो आणि फ्रिउली यांचा वाद कागदपत्रांवर लढला गेला. कृष्णाकाठी पहिला चक्का कोणी टांगला, याचा कागद नाही. स्वयंपाकघरातील ज्ञान हातातून हातात गेले आणि ते करणाऱ्या बायकांची नावे दप्तरात आली नाहीत. पदार्थाचा जनक ठरवताना बहुधा कागद सांभाळणाऱ्याचेच नाव लागते. घरची वही म्हणूनच जपून ठेवावी. आजीच्या श्रीखंडाखाली तिरामिसूची कृती लिहावी, आणि दोहोंपुढे करणाऱ्याचे नाव व तारीखही.