फारशीचे प्राध्यापक आणि माझा हिशेब

माधव जूलियन यांचं नाव निघालं की बडोद्याची मराठी मंडळी लगेच म्हणतात, "ते तर आपल्या गावचे!" खरंच आहे. माधव त्र्यंबक पटवर्धन २१ जानेवारी १८९४ रोजी इथेच जन्मले.

मला मात्र त्यांच्याशी थोडं भांडायचं आहे. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी फारशी शिकवली, १९२५ साली फारशी-मराठी कोश केला, उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या, गझल इथे रुजवली. आणि हेच प्राध्यापक पुढे भाषाशुद्धीचे कैवारी झाले! १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून मोकळे.

आता सांगा मैत्रिणींनो, आमच्यासारख्या दुकानदारांच्या घरात काय बोलायचं? दुकान, कागद, शाई, हिशेब, सगळे शब्द तिकडूनच आलेले. माझ्या सासूबाई तर एका वाक्यात गुजराती, मराठी आणि फारशी एकत्र नांदवायच्या, आणि कुणाचं काही अडायचं नाही.

तरी राग टिकत नाही. ज्या शब्दांना त्यांनी निरोप द्यायचं ठरवलं, त्यांची कुळंमुळं त्यांनीच आधी जपून लिहून ठेवली होती. वृत्तांवरच्या 'छन्दोरचना' ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने १९३८ साली त्यांना डी.लिट. दिली. पुढच्याच वर्षी ते गेले. वय अवघं पंचेचाळीस.

त्यांच्या १९३३ च्या संग्रहाचं नाव 'गज्जलांजली'. गझल अरबी-फारशीतली, अंजली संस्कृत, आणि संधी त्यांनी स्वतः केलेली.