पावसाची वाट बघणारा सायकलपटू: शार्ली गोल



मागच्या जुलैत मी सायकलवर बोपदेव घाट चढत होतो. पाऊस असा की चष्म्यातून रस्ताच दिसेना. शेवटी अर्ध्यात उतरलो आणि टपरीवर चहा घेत बसलो. तिथेच ठरवलं, पुढचा एपिसोड शार्ली गोलवर करायचा. कारण मी ज्या पावसाला घाबरून उतरलो, तसल्या पावसाची हा माणूस वाट बघायचा.

गोल लक्झेंबर्गचा. देश केवढा, तर आपल्या गोव्यापेक्षाही लहान. जन्म १९३२ चा. सायकलपटू होण्याआधी तो कत्तलखान्यात काम करायचा. अंगाने बारका, हलका गिअर लावून भराभर पेडल मारायचा. उन्हात मात्र त्याचं काही खरं नसायचं. कडक ऊन पडलं की गडी ढेपाळायचा, आणि थंडी-पाऊस आला की त्याला पंख फुटायचे. लोक त्याला 'डोंगरांचा देवदूत' म्हणायचे.

आता एक गोष्ट आधी समजून घ्या. टूर द फ्रान्स किंवा इटलीतली जिरो या तीन-तीन आठवड्यांच्या शर्यती. रोज एक टप्पा, आणि सगळ्या टप्प्यांचा वेळ मिळून ज्याचा सर्वांत कमी, तो विजेता. म्हणजे एका दिवसात पाच मिनिटं भरून काढली तरी खूप झालं.

८ जून १९५६. जिरोचा टप्पा मेरानोहून माँते बोंदोने या डोंगरावर. २४२ किलोमीटर, आणि वर बर्फाचं वादळ. सकाळी गोल पहिल्या नंबरापेक्षा सुमारे सोळा मिनिटांनी मागे होता. म्हणजे शर्यतीतून बाद म्हणा ना! पण त्या दिवशी जवळपास निम्म्या सायकलपटूंनी शर्यत सोडली. खुद्द आघाडीवरचा फोर्नाराही थांबला. गोल मात्र चढत राहिला. वर पोचला तेव्हा थंडीने इतका आखडला होता की त्याला उचलून न्यावं लागलं. दुसरा नंबर त्याच्या सात मिनिटांहून जास्त मागे. जिरो गोलची झाली!

पुढच्या वर्षी तोच डोंगर, आणि गोल आघाडीवर. वाटेत तो लघवीला थांबला. हसू नका, खरंच. आघाडीवरचा माणूस असा थांबला की हल्ला करायचा नाही, हा सायकलिंगचा अलिखित नियम. पण फ्रान्सचा लुईझाँ बोबे, इटलीचा नेन्चिनी आणि बाकीच्यांनी नेमका तेव्हाच वेग वाढवला. कित्येक मिनिटं गेली, आणि त्यांच्याबरोबर जिरोही. वर 'मोन्स्यू पीपी' हे टोपणनाव चिकटलं ते वेगळंच. गोल चिडला. स्वतः जिंकणं शक्य नव्हतं, मग त्याने बोबे हरावा म्हणून नेन्चिनीला मदत केली. तीन आठवड्यांच्या शर्यतीत बोबे फक्त १९ सेकंदांनी हरला.

मग आली १९५८ ची टूर. तेव्हा टूरमध्ये देशांचे संघ असायचे. लक्झेंबर्ग एवढंसं, त्यामुळे गोल डच लोकांबरोबरच्या मिश्र संघात होता. १६ जुलै, ब्रियाँसों ते एक्स-ले-बँ हा टप्पा. गोल जेमिनियानीच्या पंधरा-सोळा मिनिटं मागे, आणि सकाळपासून धो धो पाऊस! असं सांगतात, की कुठल्या घाटात, कुठल्या वळणावर आपण सुटणार हे त्याने बोबेला आधीच सांगून टाकलं होतं. आणि लुइतेलच्या घाटात तो खरोखरच सुटला. संध्याकाळी जेमिनियानी चौदा मिनिटांहून जास्त मागे पडला होता. दोन दिवसांनी, शेवटच्या वैयक्तिक वेळ-चाचणीनंतर, पिवळी जर्सी गोलच्या अंगावर. १९५९ ला त्याने जिरो पुन्हा जिंकली.

त्याला संत बनवायचं नाहीये मला. त्या काळात अँफेटामीन घेणं सर्रास चालायचं आणि टूरमध्ये पहिली ड्रग टेस्ट झाली १९६६ साली. गोलबद्दलही तसं बोललं जायचं.

पण मला अडकवून ठेवलं ते पुढच्या भागाने. निवृत्तीनंतर त्याने लक्झेंबर्ग स्टेशनजवळ कॅफे काढला. तो फार चालला नाही. मग तो जंगलातल्या एका झोपडीत जाऊन राहिला. एकटाच. दाढी वाढलेली, पोट सुटलेलं. पत्रकार यायचे, तो त्यांना हाकलून द्यायचा. अशी कित्येक वर्षं गेली. १९८० च्या दशकात तो परतला, लग्न केलं, क्रीडा खात्यात जुनी कागदपत्रं सांभाळायची नोकरी धरली. १९८९ ला टूर लक्झेंबर्गमधून सुटली तेव्हा तो लोकांसमोर आला, आणि पुष्कळांनी त्याला ओळखलंच नाही. डिसेंबर २००५ मध्ये, ७३ वा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, तो गेला.

बहुतेक ठिकाणी या वर्षांना 'शोकांतिका' म्हणतात. मीही आधी तसंच स्क्रिप्ट लिहिलं होतं. मग आठवलं, दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून मी चार महिने घरी होतो, तेव्हा प्रत्येक नातेवाईक विचारायचा, "मग, सध्या काय?" मला तेव्हा काहीच झालं नव्हतं. मला फक्त कुणाला उत्तर द्यायचं नव्हतं. गोलच्या मनात काय होतं, ते मी सांगू शकत नाही. पण ज्याने बर्फात शरीर आखडेपर्यंत पेडल मारलं, त्याने नंतर दार लावून घेतलं तर त्याला लगेच 'वाया गेला' म्हणायची घाई नको, एवढं वाटतं. म्हणून 'शोकांतिका' हा शब्द मी स्क्रिप्टमधून काढून टाकला.

बोपदेव अजून बाकी आहे. पाऊस पडला की पुन्हा जाणार. तोवर, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!